लहान मुलांना घरच्या घरी कॅथोलिक धर्मशिक्षण कसं द्यावं? वयानुसार सोपी माहिती

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. गावोगावची कॅथोलिक कुटुंबं लेकराबाळांसह दर्शनाला जातात. पण यात्रा वर्षातून एकदाच. बाकीचे दिवस मुलांना श्रद्धा शिकवायची कोणी? अनेक वस्त्यांपासून चर्च लांब आहे, फादर रोज येऊ शकत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे शिक्षण मिळणार नाही, कारण पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. म्हणून खरी शाळा म्हणजे घरच.

जबाबदारी कोणाची?

चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार मुलांना शब्दाने आणि वागण्याने श्रद्धा शिकवण्याची पहिली जबाबदारी आई-वडिलांची आहे. धर्ममाता-पित्यांनीही त्यात हातभार लावायचा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला ‘घरगुती चर्च’ म्हटलं. फादर, सिस्टर आणि धर्मशिक्षक मदतीला असतातच, पण ते आई-बापाची जागा घेत नाहीत.

३ ते ५ वर्षे

या वयात मूल ऐकून कमी आणि बघून जास्त शिकतं. उजव्या हाताने क्रुसाची खूण करायला शिकवावं : आधी कपाळ, मग छाती, मग डावा खांदा, शेवटी उजवा खांदा. जेवणाआधी आणि झोपताना एका वाक्याची प्रार्थना पुरे. “देवा, आजच्या भाकरीबद्दल आभार” एवढंही चालतं. घरात क्रूस किंवा मरियामातेची तसबीर एका ठरलेल्या जागी असावी.

५ ते ७ वर्षे

आता ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि ‘नमो मरिया’ या प्रार्थना पाठ करून घ्याव्यात. रोज एकच ओळ घ्यावी, घाई नको. बायबलमधल्या गोष्टी सांगाव्यात : हरवलेलं मेंढरू, पेरणारा शेतकरी, चांगला शोमरोनी. मेंढरं आणि पेरणी गावच्या पोरांना रोज दिसते, त्यामुळे गोष्ट पटकन कळते. वाचता येत नसेल तरी अडत नाही. आजीने तोंडी सांगितलेली गोष्टही धर्मशिक्षणच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली येशूचं चरित्र मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून मांडलं, तेही लोकांना गोडीने ऐकता यावं म्हणूनच.

७ वर्षांनंतर

चर्च साधारण सातवं वर्ष ‘समज येण्याचं वय’ मानतं. पोप दहावे पायस यांनी १९१० साली याच वयाच्या सुमारास मुलांना ख्रिस्तप्रसाद द्यावा असं ठरवलं. प्रथम ख्रिस्तप्रसादाआधी मुलाचा पापनिवेदन संस्कार होतो. प्रसादाची भाकर साधी नाही, ती ख्रिस्ताचं शरीर आहे, एवढं मुलाला आपल्या शब्दांत सांगता यायला हवं. प्रसाद घेण्याआधी एक तास काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं.

जपमाळ लहान करून घ्या

पूर्ण रोझरीत पाच दशकं असतात. लहान मुलांसाठी एकच दशक, म्हणजे दहा ‘नमो मरिया’, पुरेसं आहे. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, त्यात सुरुवात करणं सोपं जातं.

सणांमधून शिकवण

नाताळाआधीच्या आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत चार लावाव्यात. मुलांच्या हातून गोठा करून घ्यावा आणि बाळ येशू २४ डिसेंबरच्या रात्री ठेवावा. उपवासकाळात मुलांना उपाशी ठेवू नये. गोळ्या-बिस्किटांचे पैसे वाचवून गरजूला द्यायला शिकवावं.

हे टाळा

• “देव शिक्षा करील” अशी भीती घालू नये. भीतीने पाठ झालेली प्रार्थना मोठेपणी सुटते.
• मुलाला मिस्साला पाठवून स्वतः घरी बसू नये. मूल तेच शिकतं.
• शेजाऱ्यांच्या देवधर्माला नावं ठेवू नयेत. इतर धर्मांतलं जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केलं आहे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी

ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेल्यावर मुलाचे धर्मशिक्षणाचे वर्ग बुडतात. निघण्याआधी फादरना सांगून ठेवावं आणि पुढे काय शिकवायचं ते विचारून घ्यावं. प्रथम ख्रिस्तप्रसाद दुसऱ्या गावी होणार असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो. ही नोंद जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या वहीत असते, म्हणून दाखला आधीच काढून मोबाईलमध्ये फोटो ठेवावा. कोपीवर असतानाही रात्रीची पाच मिनिटांची प्रार्थना चुकवू नये. तेवढ्यानेही मुलाची सवय टिकते.