दिनविशेष : 13 जानेवारी 1975 – तेल उद्योग विकास मंडळाची स्थापना

तेल उद्योग विकास मंडळ 1974च्या कायद्यान्वये 13 जानेवारी 1975 रोजी स्थापन झाले. 1973च्या तेलटंचाईचे चटके ताजे होते आणि मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात, ‘मुंबई हाय’ येथे, तेल सापडले होते. देशी कच्च्या तेलावर उपकर बसवून त्यातून या उद्योगाला पैसा पुरवायचा, असा हेतू होता. मात्र कायद्याच्या कलम 16नुसार उपकर आधी भारताच्या संचित निधीत जातो. संसदेने कायद्याने तशी तरतूद केली, तरच केंद्र सरकार त्यातून स्वतःला योग्य वाटेल तेवढी रक्कम मंडळाला देऊ शकते. प्रत्यक्षात 1991-92पर्यंत मंडळाला सुमारे 902 कोटी रुपयेच मिळाले. वसुलीच्या मानाने ही रक्कम फारच तुटपुंजी आहे. त्यानंतर मंडळाचा गाडा मुख्यतः त्याने दिलेल्या कर्जांवरील व्याजावर चालला.

याच मंडळाच्या पैशावर तेल उद्योग सुरक्षा संचालनालय चालते. 27 जुलै 2005 रोजी एका जहाजाच्या धडकेने मुंबई हायचा उत्तर प्लॅटफॉर्म आगीत भस्मसात झाला आणि 22 जणांचा बळी गेला. त्यानंतर, 2008च्या नियमांनुसार, समुद्रातील तेल-वायू उत्खननाच्या सुरक्षेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी या संचालनालयाकडे आली. कामगारांच्या जिवाशी निगडित असलेल्या या यंत्रणेला उपकरातून हक्काचा, ठरलेला वाटा कायद्याने दिलेला नाही. ही उणीव गंभीर आहे.