रहदारी, बिल्ला आणि सायकलवाट

सकाळी सहाच्या सुमारास कळवा नाक्यावर उभे राहिले, की खाडीपुलाच्या दिशेने जाणाऱ्या सायकली दिसू लागतात. कुणाच्या हँडलला दुधाच्या पिशव्या, कुणाच्या कॅरिअरवर पावाचे मोठे गाठोडे. एखादी रात्रपाळी संपवून परतणाऱ्या पहारेकऱ्याची. ठाणे आणि कळवा यांमध्ये लोकलच्या एकाच स्थानकाचे अंतर. सायकलीला ते जड नाही. मात्र दिवस वर आला, की याच सायकली आधी रस्त्याच्या कडेला आणि मग कडेच्याही बाहेर ढकलल्या जातात. अशा रस्त्यावर सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका हवी, अशी मागणी रहिवाशांनी करावयाची झाल्यास ती कोणत्या आधारावर करावी? पर्यावरण आणि आरोग्य ही कारणे नेहमीचीच आहेत, आणि खरीही आहेत. परंतु याहून पक्का आधार इतिहासात सापडतो, असे आम्हांला वाटते.

आरंभ शब्दापासूनच करू. 'रहदारी' म्हणजे आज आपल्या लेखी ट्रॅफिक. मूळ फारसी 'राहदारी'चा संबंध वाटेच्या राखणीशी आणि त्या राखणीपोटी वाटसरूंकडून घेतल्या जाणाऱ्या कराशी आहे; मोगल अमदानीत हा शब्द याच अर्थाने रूढ होता. ज्याने राहदारी भरली, त्याला वाटेवर संरक्षण मिळावे, असा त्यामागचा करार. तो नेहमीच पाळला जाई असे नव्हे, पण कल्पना तरी तशी होती. मराठीत शब्द टिकला आणि करार विस्मरणात गेला. 'दुचाकी'चेही असेच झाले. आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार' असे वाचले, की आपल्या डोळ्यांपुढे मोटारसायकलच येते. सायकलीलाही दोनच चाके असतात, हे सांगावे लागते.

हा करार सायकलस्वाराशी एके काळी खरोखरच झालेला होता. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ यात मालमत्ताकराच्या जोडीला वाहने, बोटी आणि जनावरे यांवरील कराची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सायकलीवर वार्षिक कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलेले आढळले, तर पोलीस अडवीत. आपल्यातील ज्येष्ठांना हा जाच आठवत असेल. पुढे हा कर मागे पडला. गरिबाच्या वाहनावरचा कर गेला याचे दुःख कुणी करू नये. मात्र बिल्ल्याबरोबर आणखीही काही गेले. ज्याची वर्दी घ्यावी, ज्याची मोजदाद ठेवावी, असा रस्त्याचा एक हक्कदार नगरपालिकेच्या दप्तरातून नाहीसा झाला.

अशाच बिल्ल्याची एक निराळी कथा नेदरलँड्समध्ये घडली. तेथे १९२४ पासून सायकलीवर कर होता आणि सायकलस्वाराला बिल्ला बाळगावा लागे. हा कर १९४१ मध्ये रद्द झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि तेथील सायकलही कडेला जाऊ लागली. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराने, ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती, मुलांच्या या हत्या थांबवा, असा लेख लिहिला. त्यातून आईबापांची चळवळ उभी राहिली. आज आपण ज्या डच सायकलमार्गांचे कौतुक करतो, त्यांच्या मुळाशी हवामानाचे वेड नसून हा शोक आणि संताप आहे.

परंतु मार्गिका मिळाली म्हणजे हक्क मिळाला, असेही नाही. लंडनच्या वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर १९३४ मध्ये ब्रिटनमधील पहिला सायकलमार्ग खुला झाला, तेव्हा त्याला विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने. आज मार्ग देतील आणि उद्या मुख्य रस्त्यावरून हाकलतील, अशी त्यांची भीती होती. ही भीती आम्हांला अनाठायी वाटत नाही.

आपल्याकडील दाखला पुण्याचा. एके काळी 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहरात 'परिसर'सारख्या संस्थेने सायकलस्वार आणि पादचारी यांची बाजू वर्षानुवर्षे लावून धरली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, तर माणसांना वाटून द्यावी, हे तत्त्व मान्य केले. त्याच सुमारास बीआरटीच्या जोडीने पुण्यात सायकलमार्ग झाले. कुठे मध्येच विजेचा खांब, कुठे उभ्या केलेल्या गाड्या, कुठे मार्ग चौकाआधीच संपलेला, अशी त्यांची गत झाली. २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या मार्गांचा विचार होता. ते जाळे अद्याप कागदावरून पुरते उतरलेले नाही. चौकात, म्हणजे जेथे धोका सर्वाधिक तेथेच, जो मार्ग सायकलस्वाराला सोडून देतो, तो सायकलस्वारासाठी आखलेला नसून मोटारींची वाट मोकळी व्हावी म्हणून आखलेला असतो. पुण्याच्या अनुभवातून हे उमगते.

आता पुन्हा कळव्याकडे. एका बाजूस वागळे इस्टेट, दुसऱ्या बाजूस ठाणे-बेलापूर पट्टा. १९६० च्या दशकापासून वाढत गेलेल्या या दोन औद्योगिक वसाहतींच्या मध्ये हे गाव आहे. येथे सायकल हा छंद म्हणून आली नाही, कामाला जाण्याचे साधन म्हणून आली. डी सिकाच्या 'बायसिकल थीव्हज'मध्ये (१९४८) सायकल गेली म्हणजे नोकरी गेली, हे समीकरण आपण वर्गात शिकवतो. ते समजण्यासाठी रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. २०२२ मध्ये खाडीवरचा नवा पूल खुला झाला, तेव्हा चर्चा झाली ती वाहनकोंडी किती सुटेल याची. सायकलवाल्याची मिनिटे त्या हिशेबात आम्हांला कुठे दिसली नाहीत.

म्हणून मागणीचे निवेदन लिहावयाचे, तर त्यात तीन गोष्टी असाव्यात. मार्गिका चौक ओलांडून जावी. ती असली तरी मुख्य रस्त्यावरचा सायकलीचा हक्क अबाधित राहावा. आणि निवेदनाखाली आमच्यासारख्या रविवारी सायकल बाहेर काढणाऱ्यांच्या आधी सकाळी सहाच्या त्या दूधवाल्याची सही असावी. ती मिळवण्यासाठी आपल्याला एक दिवस लवकर उठावे लागेल, इतकेच.