तडीपारी आणि रोजचे ९९८ डॉलर

जून २०२५ मध्ये आमच्या दौंडच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला: 'अमेरिकेत व्हिसा संपला की रोज ९९८ डॉलर दंड!' आमच्यातला एकजण तिकडे एच-वन-बीवर, नोकरी नुकतीच गेलेली. रात्री त्याच्या आईचा मला फोन. "अरे, रोजचे पंच्याऐंशी हजार रुपये कुठून आणायचे?" काकूंना धड उत्तर देता येईना, म्हणून कायदा शोधून वाचला.

आधी आपला शब्द बघू. तडीपार. तड म्हणजे नदीचा काठ. 'काम तडीस नेणं' त्यातलंच. शिरूर-दौंडकरांना हे वेगळं सांगायला नको. शिरूरला घोडनदी ओलांडा नाहीतर दौंडला भीमा, पलीकडे अहिल्यानगर जिल्हा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याला ही पळवाट माहीत होती! माणसाला लगतच्या जिल्ह्यांतूनही हद्दपार करता येतं, पण जास्तीत जास्त २ वर्षं. परवानगीशिवाय परत आला तर २ वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मात्र ते पोलिसांना कोर्टात शाबित करावं लागतं. २०२२ मध्ये जालन्याची एक तडीपारी रद्द करताना सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा असाधारण उपाय आहे, ऊठसूट वापरायचा नाही.

अमेरिकेच्या कायद्यात मात्र मीटर आहे. ३० सप्टेंबर १९९६ ला बिल क्लिंटन यांनी सही केली. देश सोडण्याचा अंतिम हुकूम झाल्यावरही जो मुद्दाम थांबेल, त्याला दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड. महागाईनुसार वाढत तो ९९८ वर गेला. वर्षाचे ३,६४,२७० डॉलर. आपले तीन कोटींच्या वर.

गंमत म्हणजे २० वर्षांहून जास्त काळ हे कलम नुसतं पडून होतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ते बाहेर काढलं. २०१९ मध्ये ओहायोतल्या एका चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बाईला ४,९७,७७७ डॉलरची नोटीस गेली. ज्या बाईला चर्चचं दार ओलांडता येत नाही, ती हे भरणार कशी? वसुलीपेक्षा धाकच मोठा, असं मला वाटतं. २०२१ मध्ये बायडन सरकारने हे दंड थांबवले, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या जूनपासून नोटीस साध्या टपालानेही पाठवता येते. शिवाय हा दंड दिवाणी, म्हणजे फौजदारी कोर्टात खटला नाही. खातंच नोटीस काढतं आणि अपीलही खात्याकडेच.

म्हणजे फॉरवर्ड अर्धवट होता. नुसता व्हिसा संपून हा मीटर पडत नाही, आधी हद्दपारीचा अंतिम हुकूम लागतो. मित्रावर तसा काहीच हुकूम नाही. नोकरी गेल्यावर त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि एकसष्टाव्या दिवशी?"

म्हटलं, त्याच्या आत नवी नोकरी, नाहीतर विमानाचं तिकीट. "मग दोन्ही बघायला सांग त्याला," म्हणाल्या.