विमान वाहतूक आणि कार्बन-निष्कासन श्रेयांक

वातावरणातील एक टन कार्बन डाय-ऑक्साइड काढून घेऊन तो दीर्घकाळ साठविल्याबद्दल मिळणाऱ्या प्रमाणित व विक्रेय एककास कार्बन-निष्कासन श्रेयांक म्हणतात. विमान कंपन्या असे श्रेयांक विकत घेऊन आपल्या उत्सर्जनाची भरपाई करू पाहतात. अन्यत्र होऊ शकले असते असे उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकाहून हा प्रकार भिन्न होय.

पार्श्वभूमी : एक किग्रॅ. विमान-इंधन जळाल्यास सु. ३.१६ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. विद्युत् घटमाला वजनदार असल्याने लांब पल्ल्याच्या उड्डाणास त्या उपयोगी पडत नाहीत. म्हणून भरपाईच्या मार्गास या व्यवसायात विशेष महत्त्व आले. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमानाच्या टाकीतून परदेशी आलेले इंधन सीमाशुल्कातून मुक्त राहिले. १९९७ च्या क्योटो करारात आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याही राष्ट्राच्या मर्यादेत न धरता तो प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेमार्फत सोडवावा, असे ठरले. पुढे जवळजवळ दोन दशके त्यावर जागतिक स्वरूपाची उपाययोजना झाली नाही. यूरोपीय संघाने २०१२ मध्ये आपल्या विमानतळांवर येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व उड्डाणांना उत्सर्जन-व्यापार योजना लागू केली. परंतु भारत, चीन, अमेरिका इ. देशांच्या विरोधामुळे त्याच वर्षी संघाबाहेरील उड्डाणांबाबतची अंमलबजावणी स्थगित करावी लागली.

कॉर्सिया योजना : उपर्युक्त संघटनेच्या २०१६ च्या अधिवेशनात ‘कॉर्सिया’ ही भरपाई योजना संमत झाली. तीनुसार संपूर्ण उत्सर्जनाची नव्हे, तर आधारपातळीच्या वर जाणाऱ्या वाढीचीच भरपाई करावयाची असते. देशांतर्गत उड्डाणे तीत येत नाहीत. आधारपातळी प्रथम २०१९ व २०२० या वर्षांची सरासरी अशी होती. कोविड साथीमुळे २०२० मधील वाहतूक कोसळल्याने ती बदलण्यात आली. २०२४ ते २०३५ या काळासाठी ती २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५% इतकी आहे. २०२७ पासूनच्या अनिवार्य टप्प्यात भारताचाही समावेश होतो. या योजनेसाठी २०२४ मध्ये प्रथम उपलब्ध झालेले श्रेयांक गुयानातील वनसंरक्षणाचे होते. म्हणजे ते प्रत्यक्ष निष्कासनाचे नव्हते.

निष्कासनाच्या पद्धती : वनरोपण ही सर्वांत स्वस्त पद्धत होय, मात्र वणवा वा तोड झाल्यास साठविलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. हवेतून थेट वायू शोषून घेण्याची कल्पना क्लाउस लॅकनर यांनी १९९९ मध्ये मांडली. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या ‘ऑर्का’ संयंत्राची नियोजित क्षमता प्रतिवर्षी ४,००० टन, तर २०२४ मधील ‘मॅमथ’ची ३६,००० टन आहे. तेथे वायू पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडतात व त्याचे खनिजात रूपांतर होते. दख्खनचे पठारही बेसाल्टचेच असल्याने या पद्धतीच्या दृष्टीने त्याचाही अभ्यास झाला आहे. एअरबस कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेतील नियोजित संयंत्राकडून चार वर्षांत चार लाख टनांचे श्रेयांक घेण्याचा करार केला. कोविडपूर्व काळात जागतिक विमान वाहतुकीचे वार्षिक उत्सर्जन सु. ९० कोटी टनांच्या घरात होते, हे ध्यानात घेता या प्रयत्नांचे अल्पत्व स्पष्ट होते.

मर्यादा : थेट शोषणास ऊर्जा व खर्च फार लागतो. शिवाय नायट्रोजनाची ऑक्साइडे आणि विमानामागे उमटणारे बाष्पाचे पांढरे पट्टे यांमुळेही तापन होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार विमान वाहतुकीच्या एकूण तापन-परिणामात कार्बन डाय-ऑक्साइडाचा वाटा सु. एक-तृतीयांशच आहे. टनास टन या हिशेबाने घेतलेल्या श्रेयांकांत उरलेला परिणाम मोजला जात नाही. कार्बन डाय-ऑक्साइडाचा प्रभाव शतकानुशतके टिकतो, म्हणून त्याची भरपाईही तितकीच टिकाऊ असावी लागते. स्वस्त व अल्पजीवी श्रेयांकांनी हिशेब जुळला, तरी वातावरणावरील भार तसाच राहतो. त्यामुळे निष्कासन हे इंधनबचत, पर्यायी इंधने व वाहतुकीचे नियमन यांना पूरक ठरू शकते. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.