सहायक प्रशिक्षक (कॉलेज बास्केटबॉल) : पद आणि वाटचाल

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांत मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करणारा पगारी प्रशिक्षक. शाळाशाळांतून खेळाडू हेरणे, त्यांच्या घरच्यांची मने वळवणे, प्रतिस्पर्धी संघांचे चित्रीकरण पाहून डावपेच सुचवणे आणि रोजचा सराव घेणे ही त्याची कामे. नेमणूकपत्र विद्यापीठाचे असले तरी त्याचे भवितव्य मुख्य प्रशिक्षकाच्या हाती असते. मुख्य प्रशिक्षक मोठ्या विद्यापीठात गेला की त्याचा ताफा बहुधा त्याच्यामागे जातो आणि त्याला काढले की ताफ्यालाही घरी बसावे लागते. महाराष्ट्रातील वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे कॉलेजच्या संघामागे शारीरिक शिक्षण संचालक असतो, त्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी असते आणि संघ हरला म्हणून त्याची नोकरी जात नाही.

अमेरिकी सहायकांच्या कामाची फळे दूरदेशीही दिसतात, उदाहरणार्थ बहरीनमध्ये. तिथे कॉलेज बास्केटबॉलची अशी बाजारपेठ नाही. खेळ चालतो तो क्लबांचा : मनामा, मुहर्रक, अहली इत्यादी. मात्र या सहायकांनी शाळकरी वयात हेरलेले खेळाडू पुढे तिथे पोहोचतात. टेनेसी राज्यातील बोलिव्हर गावचा वेन चिझम हे त्याचे ठळक उदाहरण. २००६ ते २०१० तो टेनेसी विद्यापीठाकडून खेळला आणि नंतर बहरीनच्या राष्ट्रीय संघात आला. २०२२ मध्ये जकार्ता येथील आशिया चषकात बहरीनच्या गटात दक्षिण कोरिया, चीन आणि चिनी तैपेई होते. त्या स्पर्धेत चिझम बहरीनचा आधारस्तंभ होता. त्या चषकाच्या पात्रता फेरीत भारत आणि बहरीन एकाच गटात होते. करोनाकाळामुळे त्या गटाचे उरलेले सामने मनामात भरवावे लागले.

चिझमला घडवणाऱ्या टेनेसीच्या ताफ्याचे पुढे काय झाले, हे पाहिले की या पेशाचे सारे चढउतार कळतात. मुख्य प्रशिक्षक ब्रूस पर्ल. टोनी जोन्स, स्टीव्ह फोर्ब्ज आणि जेसन शे हे तीन सहायक. मार्च २०१० मध्ये हा संघ विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या आठांत पोहोचला आणि मिशिगन स्टेटकडून ७०-६९ असा एका गुणाने हरला. अशा यशानंतर सहायकांना स्वतंत्र संघ मिळू लागतात. इथे उलटे घडले. पर्ल यांनी २००८ मध्ये ॲरन क्राफ्ट या शाळकरी खेळाडूला नियम मोडून घरच्या मेजवानीला बोलावले होते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या चौकशी अधिकाऱ्यांनी त्या दिवशीचे छायाचित्र समोर ठेवले, तेव्हा ते कुठे काढले आहे हे ओळखत नसल्याचे पर्ल यांनी सांगितले. घर त्यांचेच होते. मेजवानीचा अपराध किरकोळ होता, ते खोटे बोलणे महागात पडले. मार्च २०११ मध्ये पर्ल आणि तिन्ही सहायक यांना काढण्यात आले. ऑगस्टमध्ये पर्ल यांच्यावर तीन वर्षांचे आणि सहायकांवर प्रत्येकी एक वर्षाचे निर्बंध आले. या काळात त्यांना नेमू पाहणाऱ्या विद्यापीठाला संघटनेपुढे कारण दाखवावे लागे. साहजिकच सहसा कोणी त्या वाटेला जात नसे.

फोर्ब्ज यांनी मग खालची पायरी पत्करली. फ्लोरिडातील नॉर्थवेस्ट फ्लोरिडा स्टेट या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या कॉलेजात ते मुख्य प्रशिक्षक झाले आणि दोन मोसमांत ६२ सामने जिंकून केवळ ६ हरले. २०१३ मध्ये ते विचिटा स्टेटला पुन्हा सहायक झाले. २०१५ मध्ये त्यांना ईस्ट टेनेसी स्टेटचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले आणि २०२० मध्ये वेक फॉरेस्टचे. ईस्ट टेनेसीत त्यांच्या जागी आलेले शे त्यांचेच जुने सहकारी. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी गुडघा टेकल्यावरून वाद उठला असता शे खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले. मोसम संपताच, मार्च २०२१ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला आणि ते फोर्ब्ज यांच्या ताफ्यात परतले. निर्बंधाच्या काळात ज्याने जुने संबंध जपले त्यालाच वाट सापडली, असे या दोघांकडे पाहून म्हणता येते.

पर्ल स्वतः सहायकपणाची किंमत आधीच मोजून आले होते. आयोवा विद्यापीठात सहायक असताना त्यांनी डिऑन थॉमस या खेळाडूशी झालेले दूरध्वनीवरील संभाषण ध्वनिमुद्रित केले आणि इलिनॉय विद्यापीठाविरुद्ध नियमभंगाचा पुरावा म्हणून संघटनेकडे दिले. त्यानंतर प्रशिक्षकांच्या वर्तुळाने त्यांना दूर ठेवले. १९९२ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या सदर्न इंडियानाने त्यांना संधी दिली. तिथे १९९५ चे विजेतेपद मिळवून ते मिलवॉकीमार्गे टेनेसीला पोहोचले.

पगाराचा इतिहास पीट गॉडेट यांच्या नावाशी जोडलेला आहे. आर्मी संघात माइक शिझेफ्स्की यांच्यानंतर ते मुख्य प्रशिक्षक होते, मग कुवेतच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि १९८३ मध्ये ड्यूक विद्यापीठात त्याच शिझेफ्स्की यांचे सहायक झाले. १९९१ मध्ये क्रीडा संघटनेने खर्च आवरण्यासाठी मर्यादित वेतनाचे सहायकपद निर्माण केले. वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर. अनुभवी गॉडेट याच पदावर होते. १९९५ च्या जानेवारीत पाठीच्या दुखण्यामुळे शिझेफ्स्की रजेवर गेले आणि संघ गॉडेट यांच्यावर सोपवला गेला. त्यांनी ४ सामने जिंकले, १५ हरले आणि ते पराभव त्यांच्याच खाती जमा झाले. मोसम संपल्यावर त्यांनी ड्यूक सोडले. पुढे ते महिला संघांचे सहायक राहिले आणि २०११ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले.

नॉर्मन लॉ आणि इतर प्रशिक्षकांनी त्या वेतनमर्यादेविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि न्यायालयाने ती मर्यादा बेकायदा ठरवली. १९९८ मध्ये ज्यूरीने ठरवलेली भरपाई कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर झाली आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाखांवर तडजोड झाली. त्या पदामुळे वाचलेला खर्च अशा रीतीने संघटनेला भलताच महाग पडला.

सगळेच सहायक फिरतीवर नसतात. नॉर्थ कॅरोलायनाचे बिल गथ्रिज तब्बल ३० वर्षे डीन स्मिथ यांचे सहायक राहिले. १९९७ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाल्यावर तीन मोसमांत दोनदा त्यांनी संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चारांत नेला. गोन्झागाचे टॉमी लॉइड यांनी सुमारे दोन दशके युरोप व जपानमधील खेळाडू आणण्याचे काम केले आणि २०२१ मध्ये थेट ॲरिझोनाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळवले.

खेळाडू आणण्याची जबाबदारी सहायकावर असल्याने लाचेचा संशयही प्रथम त्याच्यावरच येतो. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या चार सहायकांना अटक केली. मुख्य प्रशिक्षक त्यांत एकही नव्हता. ऑबर्नचे चक पर्सन हे पर्ल यांचे सहायक. निर्बंध संपत आल्यावर, २०१४ मध्ये, पर्ल यांना तिथे नेमण्यात आले होते. पर्सन गेल्यावर पर्ल यांचा मुलगा स्टीव्हन पूर्ण सहायक झाला. टेनेसीत तो चिझमचा सहखेळाडू होता आणि मधली काही वर्षे वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीत होता. सप्टेंबर २०२५ मध्ये वडील निवृत्त झाले आणि ऑबर्नने स्टीव्हनला मुख्य प्रशिक्षक नेमले.