भोजकटाची गोष्ट

अचलपूरच्या नैर्ऋत्येला चारेक मैलांवर चमक नावाचे गाव आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात, आपल्या राज्यारोहणाच्या 18व्या वर्षी, हे गाव ब्राह्मणांना दान दिले. त्या दानाचा ताम्रपट याच गावात सापडला आणि 1888 साली फ्लीटने तो गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात छापला. पटात गावाचे नाव ‘चर्माङ्क’ आहे, ते मधुनदीच्या काठी आहे, आणि ते भोजकट राज्यात येते. एरवी हा मजकूर जमिनीच्या मोजमापाचा आणि करमाफीचा. पण भोजकट हे नाव साधे नाही. कृष्णाने रुक्मिणीला पळवून नेले, पाठलाग करणाऱ्या तिच्या भावाला, रुक्मीला, हरवून विद्रूप केले. बहिणीला परत आणल्याशिवाय विदर्भाच्या राजधानीत, कुंडिनपुरात, पाऊल टाकणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघालेला रुक्मी मग परतलाच नाही. त्याने वेगळे नगर वसवले, तेच भोजकट. अमरावतीजवळची भातकुली म्हणजे हे नगर, असे अनेक संशोधक मानतात. नगर नेमके कुठे होते याचा वाद बाजूला ठेवला, तरी वाकाटकांच्या दप्तरात अचलपूरचा परिसर भोजकटात मोडत होता, एवढे चमकच्या पटावरून पक्के होते. म्हणजे वऱ्हाडातली सर्वांत लाडकी गोष्ट जिथे रंगते तो मुलूख अचलपूरचा नव्हे. ती गोष्ट संपल्यावर पुढे जे घडले, त्याचा हा मुलूख.

पहिल्या गोष्टीचे वैभव सांगायला नको. वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते, आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातूनच हरण झाले असे सारे वऱ्हाड सांगते. पुढच्या गोष्टीला मात्र ना पालखी, ना देऊळ. खरे तर भागवताच्या दशम स्कंधात, 61व्या अध्यायात, ती आहे आणि कथानक म्हणून मुळीच फिकी नाही. मनातला दंश तसाच ठेवून, केवळ बहिणीचे मन राखायला, रुक्मी आपली मुलगी तिच्या मुलाला, प्रद्युम्नाला देतो. पुढे नात रोचना प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला देतो. या दुसऱ्या लग्नासाठी यादवांचे वऱ्हाड भोजकटाला येते. लग्न लागते, आणि कलिंगाचा राजा रुक्मीच्या कानाला लागतो, की बलरामाला फासे नीट खेळता येत नाहीत, पण नाद मात्र दांडगा आहे. डाव मांडला जातो. शंभर, हजार, दहा हजार निष्के बलराम हरतो. कलिंगराज दात काढून हसतो. मग बलराम जिंकू लागतो आणि रुक्मी ते मानत नाही. आकाशवाणी झाली तरी मानत नाही, गुराख्यांना फाशांतले काय कळते म्हणून उलट टोमणा मारतो. बलराम परिघ उचलून भर लग्नात त्याला ठार करतो, आणि पळणाऱ्या कलिंगाला दहाव्या पावलावर गाठून त्याचे तेच दात पाडतो. विशेष म्हणजे, हरणाच्या वेळी रुक्मीला सोडवणारा आणि सोयऱ्याला विद्रूप करणे म्हणजे मारल्यासारखेच, असे कृष्णाला सुनावणारा हाच बलराम होता. सूड, जुगार, लग्नघर, रक्त आणि एवढा मोठा उपरोध: आजच्या मालिकावाल्यांना आणखी काय हवे? तरीही मराठीत ही गोष्ट रुजली नाही. रुक्मिणीस्वयंवरे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली; भोजकटाचे आख्यान कुणाच्या ओठी नाही.

याचे सोपे उत्तर तयारच असते. पुढचा भाग हा मुळातच उष्ट्यावरचा संसार. मूळ कृती ज्याने घडवली त्याचा दम पुढे ओढणाऱ्याला कुठून येणार? चित्रपटांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांविषयी आणि आवडत्या अद्भुत कादंबऱ्यांच्या पडद्यावरच्या रूपांविषयी लोक हेच म्हणतात. पण हे उत्तर विदर्भाच्याच कथांना लागू पडत नाही. भोजकटानंतरच्याच अध्यायात उषा येते. तिचे अनिरुद्धाशी स्वप्नातले मीलन, सखी चित्रलेखेने एकेका राजपुत्राचे चित्र काढून दाखवणे, त्यातला नेमका चेहरा ओळखणे, ही तर रुक्मिणीच्या नातवाची गोष्ट, म्हणजे पुढच्याही पुढची. ती उषाहरण म्हणून देशभर लाडकी झाली. दुसरे उदाहरण दमयंतीचे. तीही विदर्भाची, तीही कुंडिनपुरची. श्रीहर्षाने नैषधीयचरिताचे 22 सर्ग लिहिले आणि लग्नानंतरच्या सुखातच लेखणी ठेवली. आपला रघुनाथ पंडितही स्वयंवरापाशी थांबला. दोघांनीही नळाच्या जुगाराचे फासे पडण्याआधीच पडदा पाडला. यावरून लग्नानंतरचे कथानकच अवघड असते असे म्हणावे, तर महाभारतातल्या नलोपाख्यानाचा प्राण फासे पडल्यानंतरच्या भागात आहे: अरण्यात टाकून दिलेली दमयंती, आणि हरवलेल्या नवऱ्याला बाहेर काढण्यासाठी तिने उठवलेली दुसऱ्या स्वयंवराची आवई. म्हणजे आधीचे सरस आणि नंतरचे नीरस, हा हिशेब चुकतो. फरक दुसरीकडे आहे. उषेला कोणीतरी हवा आहे, दमयंतीला कोणीतरी हवा आहे, सात श्लोकांचे पत्र ब्राह्मणाहाती द्वारकेला धाडणाऱ्या रुक्मिणीला तर उद्याच्या उद्या हवा आहे. भोजकटात कोणालाच काही नको आहे. फक्त जुना हिशेब आहे. गोष्ट माणसांवर किंवा घटनांवर चालत नाही, निकडीवर चालते. आणि पुढचे भाग लिहिणारे माणसे नेतात, घटना नेतात, निकड मागे विसरतात.

हे म्हणणे तपासायला अचलपूरहून फार लांब जावे लागत नाही. पूर्वेला एका दिवसाच्या पायी वाटेवर रिद्धपूर आहे, महानुभाव संप्रदाय ज्यांना अवतार मानतो त्या गोविंदप्रभूंचे आणि पर्यायाने मराठी गद्याचे गाव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे एक विलक्षण प्रसंग घडला. गोविंदप्रभूंना, म्हणजे गुंडम राऊळांना, लग्न करायचे मनात आले. देवाची लहर ती. भक्तांनी हळद, मांडव, वऱ्हाड सगळे थाटले. लग्न म्हटले की वराला गाणी हवीत, आणि ती गायला महदाइसेला सांगितले गेले. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे जागच्या जागी रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते ते या धवळ्यांमुळे. हा पूर्वार्ध. राहिलेली कथा, म्हणजे उत्तरार्ध, तिने मागाहून, सोबतच्या मंडळींच्या आग्रहावरून रचला. कवयित्री एक, कथा एक, संप्रदाय एक, ऐकणारेही बहुतेक तेच. रूपांतर आणि त्याचा पुढचा भाग यांची इतकी स्वच्छ तुलना साहित्याच्या इतिहासात क्वचितच हाती लागते. उत्तरार्ध टाकाऊ नाही, भाषा तीच गोड आहे. पण पूर्वार्धात समोर एक वेडा देव नवरा होऊन बसला आहे, त्याला आत्ता गाणे हवे आहे, आणि त्या उतावळेपणाची धग प्रत्येक धवळ्याला लागली आहे. उत्तरार्धात कथा पुरी करायची आहे. अपुरे राहिले म्हणून पुरे करणे हा चांगला गुण खरा, पण तो कारकुनाचा.

यावर आक्षेप येईल की धवळे हा भक्तीचा मामला, त्याला ललित कृतीचे माप कसे लावायचे? आक्षेप रास्त आहे, पण याच संप्रदायाने हे माप स्वतः लावले आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘शिशुपालवध’ रचले. रुक्मिणीला न मिळालेल्या नवऱ्याचा शेवट, म्हणजे एका अर्थाने तेही रुक्मिणीस्वयंवराचे पुढचे पान. काव्य देखणे, शृंगाराने ओथंबलेले. गुरुबंधूंना दाखवले, तेव्हा त्यांनी ग्रंथाची स्तुती केली आणि लगेच सांगितले की हा संसारात रमलेल्यांना शोभेल, निवृत्तांच्या कामाचा नाही. भास्करभट्टांनी राग धरला नाही. पुढे त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली. या टीकेत मूळ कथेशी इमान राखले की नाही याचा शब्द नाही. प्रश्न एवढाच होता, की हे कोणासाठी आणि त्याला याची गरज काय? रूपांतरांच्या आजच्या परीक्षणांत हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. कोणते पात्र गाळले, कोणाचे डोळे पुस्तकातल्यासारखे नाहीत, यातच पाने खर्ची पडतात.

इमान राखण्याचा मुद्दा किती दुबळा आहे, हे अचलपूरहून वर घाटात चढले की दिसते. चिखलदऱ्यात भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, म्हणून ती कीचकदरा, असे सांगतात. ज्याच्या घरी हे घडले तो महाभारताचा विराट राजा मत्स्य देशाचा, म्हणजे आजच्या राजस्थानच्या बाजूचा. भूगोल पार उलटापालटा. पण दरीच्या कठड्याशी उभ्या राहिलेल्या वऱ्हाडी माणसाला त्याने काही बिघडले असे वाटत नाही, कारण दरी तिथे आहे आणि तिला कोणीतरी पडलेला हवा होता. एकनाथांनी तर अर्थच बदलला. 1571 साली काशीत पुरे झालेले त्यांचे 18 प्रसंगांचे रुक्मिणीस्वयंवर जीव आणि शिव यांच्या ऐक्यावर नेऊन ठेवते. मुलीचे लग्न जुळावे म्हणून घरोघर त्याचे पारायण होत आले. वेदान्ताचा ग्रंथ आणि वाचणारीला हवा आहे नवरा! एकनाथांना हे कळले असते तर ते हसले असते, रागावले नसते, असे मला वाटते. 1916 साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले, भास्करबुवा बखल्यांच्या चालींवर बालगंधर्वांची रुक्मिणी उभी राहिली, आणि एका पिढीसाठी मूळ रुक्मिणी तीच झाली. भागवताशी ताडून पाहायला कोणी पोथी घेऊन नाट्यगृहात गेले नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मूळ कृती ताणणे, फुगवणे, हाच खरा दोष, असे म्हणता येईल. टोल्किनच्या 1937 सालच्या ‘द हॉबिट’ या बेताच्या पुस्तकाचे 2012 ते 2014 या काळात तीन लांबलचक चित्रपट झाले, आणि ती ओढाताण पुस्तकावर जीव असलेल्यांना सोसली नाही. पण चमकचे दान देणारा प्रवरसेनच इथे आडवा येतो. परंपरेने त्याच्या नावावर असलेले ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य रामकथेचा एक तुकडा उचलते आणि 15 आश्वास करते. अयोध्या नाही, वनवासाचा आरंभ नाही, उत्तरकांड नाही. आहे तो निम्म्या काव्यभर समुद्र, आणि त्यात लोटले जाणारे डोंगर. ताणलेपणाच म्हणायचा तर हा सर्वांत मोठा. तरी दंडीने त्याची वाखाणणी केली, बाणाने केली. जवळपास शेकडो मैलांत समुद्र नसलेल्या विदर्भाच्या राजाला समुद्राची एवढी ओढ का वाटावी, हे गूढच आहे, पण ओढ आहे हे ओळीओळीत जाणवते. खुद्द टोल्किनचेही तसेच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सुरू झाले ते प्रकाशकाला ‘हॉबिट’चा पुढचा भाग हवा होता म्हणून, 1954-55 मध्ये बाहेर आले तेव्हा ते दुसरेच काही झाले होते. मागणीने सुरू झालेल्या कामात मधल्या वर्षांत त्याला स्वतःची निकड सापडली. म्हणजे आग्रहावरून लिहिलेले सगळेच वाया जाते असे नाही. आग्रहाच्या पलीकडे लेखकाला काही सापडते का, यावर सारे ठरते. महदाइसेचे समोरचे कारण संपले होते आणि दुसरे मिळाले नाही, इतकेच.

वारसा पुढे सोपवण्याचीच गोष्ट निघाली, तर चमकच्या ताम्रपटात एक गमतीची अट आहे. दान 1000 ब्राह्मणांना दिले असे म्हटले आहे, नावे मात्र 49च कोरली आहेत. आणि राजाने बजावले आहे की हे गाव तुमचे, पण राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाई करायची नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. असे केल्यास राजाने दान काढून घेतले तरी ती चोरी ठरणार नाही. बहुतेक दानपत्रे चंद्र-सूर्य असेपर्यंत अशी भाषा बोलून मोकळी होतात. हे मात्र वारसा देतानाच वर्तनाची बोली करून ठेवते. त्या 49 घरांनी पुढे काय केले, पटात नाही.

भोजकटाच्या गोष्टीत मात्र एक जागा रिकामी राहिली आहे आणि ती भागवतातच दिसते. रुक्मी मेल्यावर कृष्ण बरे-वाईट काहीच बोलत नाही, कारण एका बाजूला रुक्मिणी आणि दुसऱ्या बाजूला बलराम, कोणाचे मन मोडायचे? एवढे सांगून कथा नवरानवरीला रथात बसवते आणि द्वारकेला निघते. हरणाच्या दिवशी याच भावासाठी नवऱ्याचे पाय धरणारी, त्याचा जीव वाचवणारी रुक्मिणी इथे आहे, नातवाच्या लग्नाला आली आहे. सात श्लोकांचे पत्र लिहिणाऱ्या त्या बाईच्या तोंडी भोजकटात एकही शब्द नाही.