सड्यावरच्या कलमाचं खत

देवगडच्या सड्यावर हापूसचं कलम लावायचं, तर आधी कातळ फोडावा लागतो. पहार, घण आणि तेही थकले की सुरुंग. मीटरभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा झाला की त्यात दुसरीकडून आणलेली माती, शेणखत आणि पालापाचोळा भरायचा, आणि पावसाच्या तोंडावर कलम बसवायचं. देवगड हापूसच्या पातळ सालीचं आणि घमघमाटाचं श्रेय इथली माणसं या जांभ्या कातळाला आणि खाऱ्या वाऱ्याला देतात. ते खरं असेलही. पण त्या कातळात झाडाला खायला फारसं काही नव्हतं. जे होतं ते कुणीतरी डोक्यावरून वाहून आणलं होतं. सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की ‘पूर्वी सगळं नैसर्गिकच होतं’ असं सहज म्हटलं जातं, तेव्हा ही पाटी डोक्यावर घेतलेली माणसं विसरली जातात.

हापूस हा मुळातच माणसाच्या हातचा आंबा. रायवळ कोयीपासून आपसूक उगवतो. हापूस पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमांच्या रूपाने स्थिरावला आणि तिथून किनाऱ्याने वर सरकला. मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातल्या बर्न्स आणि प्रयाग या दोघांनी १९२१च्या सुमारास आंब्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तोवर कोकणातला आंबा हा सरकारदरबारी दखल घेण्याजोगा माल झाला होता. देवगड आणि विजयदुर्ग ही बंदरं, तिथून गलबतं आणि आगबोटी, पलीकडे मुंबईत क्रॉफर्ड मार्केट. गाडीरस्ते धड नव्हते तेव्हाही पेटी मुंबईला पोचत होती.

त्या काळी कलमाला काय घालत? जे घरात आणि रानात असेल ते. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, बागेतला पातेरा. माडांच्या आळ्यात मासळीचं खत, कारण बंदरावर तारली जास्त झाली की ती खपायची नाही. पण घरातल्या खतावर पहिला हक्क भाताचा असे. ऐनाच्या फांद्या छाटून आणायच्या, शेण-पातेऱ्याबरोबर तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, जागेवर पसरून जाळायच्या, ही भाजावळ कोकणभर चालायची. भातातून उरेल ते आंब्याला. जुनी कलमं एक वर्ष भरभरून धरत आणि दुसऱ्या वर्षी गप्प बसत. त्याचं कुणाला फारसं वाईटही वाटत नसे, कारण घर मनीऑर्डरवर चालायचं. कर्ती माणसं गिरणगावात होती.

हिशेब बदलला तो स्वातंत्र्यानंतर. १९५७मध्ये वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आलं, १९७२मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ. भेट कलमापेक्षा सोपं कोय कलम विद्यापीठाने प्रसारात आणलं आणि रोपवाटिकांतून कलमं मुबलक निघू लागली. मग १९९०मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. ओसाड सडे अक्षरशः भराभर फोडले गेले. लागवड दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर कलमं. झाडं वाढली, गोठे मात्र रिकामे होत गेले.

इथे एक साधं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. पूर्ण वाढलेल्या कलमाला वर्षाला सुमारे दीड किलो नत्र द्यावं, अशी विद्यापीठाची शिफारस. चांगल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे सगळं नत्र शेणखतातूनच द्यायचं ठरवलं, तर एका झाडाला तीनशे किलो आणि हेक्टरी तीस टन. त्यासाठी डझनाहून जास्त गुरं हवीत, तीही एका हेक्टरमागे. युरियाचं तीन-सव्वातीन किलोचं पुडकं तेच काम करतं आणि एका हातात मावतं. शेतकरी आळशी झाला म्हणून गोणीकडे वळला, असं म्हणणाऱ्याने आधी तीनशे किलो शेण सड्यावर चढवून दाखवावं.

गोणीपाठोपाठ बाटली आली. पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढनियंत्रक इंग्लंडच्या आयसीआय कंपनीचं. बागेत त्याचं नाव कल्टार. ते झाडातल्या जिबरेलिनला आवर घालतं, पालवी आवरते आणि मोहोर लवकर येतो. हापूस दरवर्षी धरावा म्हणून दापोलीला यावर प्रयोग झाले आणि मात्राही ठरली: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, जुलै-ऑगस्टमध्ये, बुंध्याभोवती. बाजाराला तर ते वरदानच वाटलं. फेब्रुवारी-मार्चच्या पहिल्या पेटीला जो भाव मिळतो, तो मे महिन्यात स्वप्नातही मिळत नाही. पण कल्टार दिलेलं झाड जास्त खातं, आणि लवकर आलेला मोहोर थंडीत, धुक्यात आणि अवकाळीत सापडतो. मग तुडतुडे, भुरी, करपा. विद्यापीठाच्या वेळापत्रकात फवारण्या सहा; घाबरलेल्या बागायतदाराच्या हिशेबात त्या सहावर थांबतच नाहीत. गेल्या काही वर्षांत फुलकिड्यांनी त्यात भर घातली आणि औषधांचा खर्च हंगामाचा नफा खाऊ लागला.

याच वळणावर देवगडात सेंद्रिय शेतीकडे वळलेले बागायतदार दिसू लागतात. श्रीपाद दाभोलकरांचा प्रयोग परिवार आणि नंतर सुभाष पाळेकरांचं जीवामृत, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात गाजलेल्या होत्याच. सड्यावर त्यांना स्थानिक रूप आलं. गडग्याच्या कडेने गिरिपुष्प लावायचं आणि पावसाळ्यात त्याचा कोवळा पाला छाटून आळ्यात टाकायचा: हा पाला नत्राने समृद्ध, आणि तो बागेतच तयार होत असल्याने वाहतूक वाचते. गळलेला पातेरा जाळायचा नाही, बुंध्याभोवती आच्छादन म्हणून ठेवायचा. त्याने ओल टिकते आणि कातळाची धग कमी होते. फळाच्या गरात होणाऱ्या साक्याचा संबंध संशोधकांनी या धगीशी जोडलेला आहे, त्यामुळे हा पातेरा फुकटचं औषधही ठरतो. फवारणीला कडुनिंबाचा अर्क, दशपर्णी, मासळी आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. तारली अशी दुसऱ्या वाटेने पुन्हा बागेत आली.

फळमाशीचं मात्र नुसत्या अर्कांवर भागत नाही. १ मे २०१४ला युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती फळमाशीमुळेच. २०१५च्या सुरुवातीला ती उठली आणि तिकडे जाणाऱ्या आंब्याला ४८ अंश गरम पाण्यात तासभर बुडवणं आलं. बागेत यावर उपाय दापोलीचाच: मिथाइल युजेनॉलचा ‘रक्षक’ सापळा. नर माश्या वासाने आत शिरतात आणि अडकतात. फळ अंड्याएवढं झालं की त्यावर कागदी पिशवी चढवणं हाही विद्यापीठाने सांगितलेला मार्ग. काम किचकट, एकेका फळापर्यंत शिडीने चढायचं. पण फळ डागाशिवाय उतरतं.

आणि डाग हाच बाजाराचा खरा प्रश्न. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी फळबागेला तीन वर्षं रूपांतराची लागतात. या काळात उतारा घटतो आणि भाव मात्र नेहमीचाच. परंपरागत कृषी विकास योजनेत, २०१५पासून, वीस हेक्टरच्या गटाला एकत्र प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली, तेव्हा एकट्याचा खर्च हलका झाला. जामसंड्याची देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था पेट्या थेट ग्राहकाला विकते. २०१८मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाच्या मालकांतही ती आहे. नकली ‘देवगड’ रोखायला २०२५च्या हंगामापासून फळावर विशिष्ट क्रमांकाचा स्टिकरही आला. पण मानांकन सांगतं ते आंबा कुठला आहे एवढंच. तो कसा पिकवला, हे सांगायला दुसरा कागद लागतो, आणि तो वाचणारं गिऱ्हाईक अजून बहुतेक पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या घरांतच भेटतं. वाशीच्या बाजारात पेटी उघडली की पाहतात ते आकार, रंग आणि साल.

ओळखीच्या गिऱ्हाइकालाही हवा असतो तो एप्रिलचा अडीचशे ग्रॅमचा देखणा आंबा. मेच्या अखेरीस उतरलेला, पावसाने डागाळलेला माल कॅनिंगला किलोवर जातो. तिथल्या काट्यावर तीनशे किलो शेणाचं किंवा गिरिपुष्पाच्या पाल्याचं वजन कुणी धरत नाही. कल्टारचा आंबा आणि सेंद्रिय आंबा एकाच क्रेटमध्ये, एकाच दराने. सेंद्रिय पल्पसाठी वेगळी खरेदी आणि वेगळा दर ठरल्याशिवाय कॅनिंगला जाणारं पीक सेंद्रिय असून नसल्यासारखंच विकलं जाणार, हे इथले बागायतदार चांगलं ओळखून आहेत.